रक्तातील साक्षीदार

इ. स. १९६५ मध्ये नागपुरात तापाची साथ आली होती. रुग्णांच्या रक्ताचे नमुने पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात तपासले गेले. त्यांपैकी दोन रुग्णांच्या रक्तात अगदी नवा विषाणू सापडला. नागपूरच्या चांदीपुऱ्यावरून त्याला नाव मिळाले. वालुमाशी त्याचा प्रसार करते. २००७ साली नागपूर विभागात या मेंदूज्वराच्या साथीत ७८ मुले आजारी पडली. त्यांपैकी ३४ दगावली. आधी ताप, मग आकडी आणि बेशुद्धी, असा हा रोग.

असा रोग ओळखावयाचा कसा? विषाणू शरीरात शिरला, की त्याला नेमके चिकटणारे प्रतिपिंड रक्तात तयार होतात. किल्लीवरून कुलूप ओळखावे, तसा प्रतिपिंडावरून विषाणू ओळखता येतो. मात्र प्रतिपिंड तयार होण्यास काही दिवस लागतात आणि चांदीपुराचा रोगी पुष्कळदा एक-दोन दिवसांतच दगावतो. म्हणून तेथे विषाणूचे जनुकीय द्रव्यही शोधावे लागते.

पण मेंदूला सूज आहे, आकड्या येत आहेत आणि विषाणू मात्र सापडत नाही, असे झाले तर? २००७ सालीच अमेरिकेत जोसेप दालमाऊ व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा एका आजाराचे कोडे उलगडले. त्यात शरीर स्वतःच्याच चेतापेशींवरील 'एनएमडीए ग्राहीं'विरुद्ध प्रतिपिंड बनवते. ग्राही म्हणजे शेजारच्या पेशीचा निरोप घेण्याची जागा. प्रतिपिंड चिकटले, की ग्राही पेशीच्या आत ओढले जातात व निरोप अडतात. मग रोगी भ्रमिष्टासारखा वागतो, त्याला आकड्या येतात.

याची परीक्षा मोठी गमतीची आहे. प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींवर हे ग्राही मुद्दाम निर्माण करतात. त्यांवर रुग्णाच्या पाठीच्या कण्यातील द्रव टाकतात आणि नंतर प्रतिपिंडाला चिकटणारे चकाकते रंगद्रव्य. पेशी उजळल्या, की साक्षीदार सापडला!

येथे चेतापेशी सहसा मेलेल्या नसतात. स्टेरॉइड देऊन किंवा रक्तद्रव बदलून प्रतिपिंड कमी केले, की ग्राही पुन्हा वर येतात. बहुसंख्य रोगी काही महिन्यांत सुधारतात. उपचार जितके लवकर, तितके बरे.

प्रत्येक आकडीचे कारण हेच नसते. म्हणून, विद्यार्थी मित्रांनो, कोणाला आकडी आली तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात काही घालू नका. रोग्याला कुशीवर वळवा. मांत्रिकाकडे वेळ न दवडता त्याला दवाखान्यात पोहोचवा आणि ताप होता का, वागणे बदलले होते का, हे डॉक्टरांना जरूर सांगा.