पारावरची ज्यूरी

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंब दसऱ्याच्या सुमारास गाव सोडते व उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते. मधल्या काळात शेजाऱ्याच्या नांगराने बांध कोरलेला असतो. बाचाबाची होते, काठ्या-कुऱ्हाडी निघतात आणि एखादा कायमचा आडवा होतो. उरलेला म्हणतो, “मी मारले नसते तर मीच मेलो असतो.” हे म्हणणे खरे की खोटे, ते कोणी व कशावरून ठरवावे, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

न्यायालयातील ज्यूरी १ एप्रिल १९७४ पासून अमलात आलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेने संपविली. तिच्यासाठी अश्रू ढाळण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. १९०८ साली सात युरोपियन व दोन हिंदी गृहस्थांच्या ज्यूरीने लोकमान्यांस सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरविले. १९५९ साली झटापटीत गोळी सुटली या नानावटींच्या म्हणण्यावर ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने त्यांस निर्दोष म्हटले. उच्च न्यायालयास तो कौल फिरवावा लागला.

परंतु न्यायालयातून उठलेली ज्यूरी गावच्या पारावर अद्याप बसलेलीच आहे. साक्ष कोणी द्यावी व कोणी फिरवावी, हे पुष्कळदा तेथेच ठरते. मेला तो कोणाच्या भावकीतला, मारणारा कोणत्या गटाचा, एवढेच ती पाहते. कायदा माणूस पाहत नाही, प्रसंग पाहतो. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमे, म्हणजे जुन्या दंडसंहितेची ९६ ते १०६, विचारतात ते इतकेच: भीती वाजवी होती काय? पोलिसांकडे धाव घेण्यास अवसर होता काय? बचावास लागेल त्याहून अधिक इजा केली काय? नुसता बांध कोरला म्हणून प्राण घेण्याचा हक्क कोणासही नाही. आणि पळणाऱ्याच्या पाठीत घातलेला घाव बचावाचा नव्हे, सुडाचा होय. उलट, संकटात सापडलेल्याने भेकडाप्रमाणे पळालेच पाहिजे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दर्शनसिंग खटल्यात स्पष्ट केले आहे.

पारावरचा सल्ला याहून घातक असतो: “तेथे नव्हतोच म्हण.” या एका लबाडीने खरा बचाव बुडतो. आरोपीने हा हक्क सांगितला नसला तरी पुराव्यातून तो दिसल्यास न्यायालयाने विचारात घ्यावा, असे मुन्शीराम खटल्यात १९६७ साली ठरले आहे. आणि त्यासाठी संशयातीत सिद्धतेचीही गरज नाही. पण पाहणाऱ्यांनी तोंडे शिवली, तर पुरावा येणार कोठून? धाकाचा धनी असलेल्यास साक्षीदार मिळतात, गरिबास मिळत नाहीत. याच जिल्ह्यात स्वसंरक्षणाच्या नावाखाली घेतलेल्या शस्त्रपरवान्यांचा बभ्रा झाला व २०२५ साली प्रशासनास अनेक परवाने रद्द करावे लागले. संरक्षणाची साधने एकाच्या कमरेला आणि आरोप दुसऱ्याच्या माथी, यास न्याय कोण म्हणेल?

जीव वाचविताना घातलेला घाव सोनाराच्या काट्याने तोलू नये, असे न्यायालये सांगत आली आहेत. परंतु पारावरच्या तराजूत पासंगच आहे, आणि पासंग ओळखण्यात आमच्या व्यापारी बंधूंहून निष्णात कोण? त्यांनी व शहाण्या गावकऱ्यांनी दोन गोष्टी कराव्यात: बांधाची सरकारी मोजणी भांडणाआधी करवून घ्यावी, आणि डोळ्यांनी पाहिले असेल तेवढेच, भावकी न पाहता, न्यायाधीशापुढे सांगावे. खरी साक्ष देण्याचे धैर्य ज्या गावात नाही, तेथे निरपराध्याचे संरक्षण कायद्याच्या कोणत्याही कलमाने होणार नाही.