कलप सारखा बसावा म्हणून

एकाच डोक्यावरचे केस एका वयाचे नसतात. घरी लावलेला कलप कुठे गडद आणि कुठे फिका बसतो त्याचे पहिले कारण हे. केस महिन्याला साधारण १ सेंमी वाढतो. खांद्याखाली पोहोचलेल्या केसाचे टोक त्यामुळे अडीच-तीन वर्षांचे असते. ऊन, कंगवा आणि आधीचे कलप यांनी ते सच्छिद्र झालेले असते आणि रंग भराभर शोषून घेते. टाळूलगतचा भाग डोक्याच्या उबेमुळे लवकर रंगतो. मधला पट्टा मागे राहतो. कानशिलांवरचे आणि भांगाच्या कडेचे पांढरे केस जाड, गुळगुळीत आणि हट्टी असतात. तेच आधी पिकतात आणि तेच शेवटपर्यंत रंग धरत नाहीत.

बाजारातल्या बहुतेक कायमस्वरूपी कलपांत पीपीडी, म्हणजे पॅरा-फिनिलिनडायअमिन किंवा त्याच कुळातले रसायन असते. त्याचे रेणू लहान व रंगहीन असतात. अमोनियासारख्या अल्कधर्मी घटकाने केसावरचे खवले उघडले की ते आत शिरतात. तिथे हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे एकमेकांशी जोडले जाऊन मोठे आणि काळे होतात, मग बाहेर निघू शकत नाहीत. पॅरिसमधील रसायनज्ञ यूजीन श्युएलर याने १९०७ मध्ये असा कृत्रिम केसरंग तयार केला आणि पुढे त्यातूनच लॉरिअल ही कंपनी उभी राहिली. तत्त्व आजही तेच आहे. ही जोडणी वाटीत कालवल्या क्षणापासून सुरू होते. अर्ध्या तासाने वाटीतले मिश्रण काळे दिसते, पण त्याचा जोर संपलेला असतो.

पुडीतल्या ‘काळ्या मेंदी’ची फसगत इथेच होते. नाव मेंदीचे असल्याने ती रात्री भिजवून ठेवली जाते. प्रत्यक्षात अशा बहुतेक पुड्यांत पीपीडी आणि कोरड्या रूपातला ऑक्सिजन देणारा घटक असतो. पाणी पडताच दोघांचे काम सुरू होते. सकाळी डोक्यावर जातो तो थकलेला लगदा. पुडी ऐनवेळी कालवायची.

वऱ्हाडात पाण्याचा प्रश्न वेगळा पाहावा लागतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर भागातल्या अनेक गावांत विहिरीचे व बोअरचे पाणी खारे असते. क्षारांच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि त्याचा चिकट थर केसांवर राहतो. थर जिथे जाड, तिथे रंग कमी शिरतो. म्हणून कलपाच्या आदल्या दिवशी केस शाम्पूने आणि शक्यतो गोड्या पाण्याने धुवावेत, नंतर तेल लावू नये. अमरावतीत अप्पर वर्धा धरणाचे आणि अकोल्यात काटेपूर्णाचे नळाचे पाणी यासाठी चालते. खेड्यात पुडी कालवण्यापुरते फिल्टरचे पाणी घेतले तरी पुरे. सगळी आंघोळ त्या पाण्याने करण्याची चैन कुणाला परवडणार?

मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांपर्यंत जातो. उष्णतेने रासायनिक क्रिया वेगाने होते आणि लेपही लवकर सुकतो. सुकलेला लेप रंगवत नाही. त्यातही कूलरसमोर बसून कलप लावला तर वाऱ्याकडची बाजू आधी सुकते आणि तीच फिकी राहते. उन्हाळ्यात हे काम सकाळी, कूलरचा झोत टाळून करावे आणि डोक्यावर प्लास्टिकची टोपी घालावी. वेळ मात्र पाकिटावर दिलेलीच पाळावी.

लावण्याची पद्धत सोपी आहे, फक्त घाई नको. कोरड्या केसांचे कपाळापासून मानेपर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत असे चार भाग पाडून चिमटे लावावेत. कपाळाच्या कडेला व कानांवर व्हॅसलीनचे बोट फिरवावे. वाटी प्लास्टिकची किंवा काचेची असावी. ब्रशने अर्धा सेंमी जाडीची एकेक बट उचलून दोन्ही बाजूंनी लेप द्यावा. पांढरे झाकायचे असतील तर सुरुवात कानशिले व भांगापासून करावी. मागची बाजू आरशात दिसत नाही. तिथे घरातल्या दुसऱ्या माणसाचा हात लागतोच. पंधरा-वीस मिनिटांत लावणे संपले पाहिजे, नाहीतर पहिली आणि शेवटची बट यांत फरक पडतो. लांब केसांना एक पाकीट पुरवून पुरवून वापरणे ही काटकसर डोक्यावर ठिपक्यांच्या रूपाने दिसते.

पुढच्या खेपेला फक्त नवी वाढ रंगवायची. दर वेळी मुळापासून टोकापर्यंत लेप चढवला की टोके कोळशासारखी निर्जीव काळी होतात, आणि वरून फिका कलप लावून ती उजळत नाहीत. टोकांचा रंग विटलाच असेल तर शेवटची पाच मिनिटे लेप खाली ओढावा.

खऱ्या मेंदीचे शास्त्र निराळे. तिच्यातला लॉसोन हा रंग केसातल्या केराटिनला चिकटतो, पण काळ्यावर दिसत नाही. म्हणून अर्धवट पिकलेल्या डोक्यावर नारिंगी रेघा उमटतात. तो लावण्यातला दोष नव्हे. लिंबाच्या आंबटाने मेंदी चांगली धरते. त्यावर निळीच्या पानांची पूड लावली तर तपकिरी-काळा रंग येतो; ती मात्र साध्या पाण्यात कालवून लगेच लावायची, लिंबू घालायचे नाही. मेंदीचा रंग दोन दिवस गडद होत जातो, तेव्हा त्याच संध्याकाळी दुसरा हात देऊ नये.

पीपीडीची अॅलर्जी काहींना पहिल्यांदा, काहींना वर्षानुवर्षे वापरल्यावर होते. म्हणून प्रत्येक खेपेला ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आत थेंबभर मिश्रण लावून पाहावे. खाज, सूज किंवा पुरळ आल्यास तो कलप कायमचा सोडावा. भुवया व पापण्यांना तो कधीच लावू नये. हे रसायन पोटात गेल्यास घसा सुजतो आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पाकिटे मुलांच्या हाती लागता कामा नयेत. उरलेले मिश्रण झाकण लावून ठेवू नये, त्यातून निघणाऱ्या वायूने बाटली फुटू शकते. ते लगेच टाकून द्यावे.