विश्लेषण : त्सुनामीची बातमी देताना जपानची वृत्तनिवेदिका का ओरडली?

१ जानेवारी २०२४. जपानमध्ये नववर्षाची सुट्टी, घराघरांत गावी आलेली मुले-नातवंडे. दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी इशिकावा प्रांतातील नोतो द्वीपकल्प ७.६ तीव्रतेच्या भूकंपाने हादरला. थोड्याच वेळात ‘एनएचके’ या सार्वजनिक वाहिनीवरील वृत्तनिवेदिकेचा आवाज चढला. आत्ताच पळा, उंच जागी जा, थांबू नका, मागे फिरू नका, असे ती अक्षरशः ओरडून सांगत होती. ही चित्रफीत जगभर फिरली. तिचा तोल सुटला, असे बाहेरच्या अनेकांना वाटले. प्रत्यक्षात तो आवाज ठरवून, सराव करून कमावलेला होता.

पडद्यावर काय दिसत होते?

लाल पट्टीवर मोठ्या अक्षरांत ‘त्सुनामी! पळा!’ असा मजकूर होता. तो चिनी वळणाच्या अवघड अक्षरांऐवजी हिरागाना या सोप्या लिपीत होता. ही लिपी जपानी मुले सर्वात आधी शिकतात. त्यामुळे पहिलीतले मूल किंवा जेमतेम जपानी येणारा परदेशी कामगारही तो वाचू शकतो. सोबत इंग्रजीतही सूचना होती. नोतोसाठी पाच मीटर उंचीच्या लाटांचा अंदाज होता आणि ‘मोठ्या त्सुनामी’चा हा सर्वोच्च इशारा २०११ नंतर प्रथमच दिला गेला होता.

२०११ मध्ये काय चुकले?

११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ईशान्य जपानच्या समुद्रात ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. त्या वेळी एनएचकेवर संसदीय समितीचे थेट प्रक्षेपण सुरू होते. मोठे धक्के पोहोचण्याआधीच पडद्यावर भूकंपाचा इशारा झळकला. यंत्रणा म्हणून हे कौतुकास्पदच. तीन मिनिटांत, २ वाजून ४९ मिनिटांनी त्सुनामीचा इशाराही आला. घोळ झाला तो आकड्यांत.

जपानच्या हवामान संस्थेने सुरुवातीला भूकंपाची तीव्रता ७.९ धरली होती. त्यावरून मियागी प्रांतात सहा मीटर, तर इवाते आणि फुकुशिमात तीन मीटर उंच लाटा येतील, असे सांगितले गेले. तीन मीटर म्हणजे आपल्या गावच्या समुद्रभिंतीपेक्षा कमी, मग घाबरायचे कशाला, असा हिशेब किनाऱ्यावरच्या अनेकांनी केला. तो चूक होता, पण वेडेपणाचा नव्हता. समोर आलेल्या आकड्यावरच त्यांनी विश्वास ठेवला. ३ वाजून १४ मिनिटांनी अंदाज दहा आणि सहा मीटरपर्यंत वाढवला गेला, पुढे आणखी वाढला. तोवर भूकंपाने किनारपट्टीवरील बऱ्याच भागांत वीज गेली होती, टीव्ही बंद पडले होते. सुधारित आकडे असंख्य लोकांपर्यंत पोहोचलेच नाहीत.

आणखी एक आकडा घातक ठरला. ओफुनातो येथे पहिली लाट २० सेंटीमीटरची नोंदली गेली आणि ती बातमीत सांगितली गेली. माहिती खरी होती. पण ‘२० सेंटीमीटर’ ऐकून ‘एवढीच होय?’ असे वाटणे स्वाभाविक होते. त्सुनामीची पहिली लाट सर्वात मोठी असतेच असे नाही, हे अशा क्षणी कोणाला आठवणार? या आपत्तीत साडेपंधरा हजारांहून अधिक मृत्यूंची नोंद झाली, तर अडीच हजारांहून अधिक लोक बेपत्ता राहिले. त्यातील बहुतेक बळी पाण्याने घेतले.

सेंदाई विमानतळावरून उडालेल्या एनएचकेच्या हेलिकॉप्टरने नातोरी परिसरातील शेते, घरे गिळत जाणारी लाट थेट दाखवली. जगाने ती दृश्ये श्वास रोखून पाहिली. त्या लाटेच्या वाटेत असलेल्यांना मात्र ती पाहता येत नव्हती.

मग काय बदलले?

एनएचकेच्या निवेदकांची ख्याती शांत, संयत आवाजाची. घबराट पसरू नये, हे तत्त्व तेव्हा पाळले गेले. मात्र निवेदक शांत आहे म्हणजे धोकाही बेताचाच असणार, असा अर्थ प्रेक्षक काढू शकतात, हे नंतर ध्यानात आले. म्हणून भाषा बदलली. ‘कृपया सुरक्षित स्थळी जावे’ या धाटणीच्या विनंतीऐवजी थेट आज्ञा आली. २०११ आठवा, असे सांगणेही त्यात आले. डिसेंबर २०१२ मध्ये मियागीला त्सुनामीचा इशारा मिळाला तेव्हा प्रेक्षकांनी हा नवा सूर ऐकला.

हवामान संस्थेनेही २०१३ पासून पद्धत बदलली. महाभूकंपाची तीव्रता लगेच कळत नसेल, तर पहिल्या इशाऱ्यात मीटरऐवजी ‘प्रचंड’, ‘उंच’ असे शब्द वापरले जातात. पहिली लाट अपेक्षेपेक्षा फारच लहान असेल तर तिचा आकडा न देता ‘निरीक्षण सुरू आहे’ एवढेच सांगितले जाते. खरी माहिती काही काळ हातची राखणे पत्रकारितेच्या नेहमीच्या नियमांत बसत नाही. इथे ते जाणीवपूर्वक स्वीकारले आहे.

वीज गेली तर?

२०११ मध्ये हिरोशिमातील एका शाळकरी मुलाने घरच्या टीव्हीसमोर आयफोन धरून एनएचकेचे प्रक्षेपण इंटरनेटवर सुरू केले. हे नियमबाह्य होते. पण वीज नसलेल्या भागात फोन हाच आधार असू शकतो, हे ओळखून एनएचकेचे ट्विटर खाते सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर ते पसरवायला हरकत घेतली नाही. नंतर वाहिनीने अधिकृत ऑनलाइन प्रक्षेपण सुरू केले. नोतोमध्येही दुर्गम भागात टीव्हीचे प्रक्षेपण खंडित झाले, तेव्हा उपग्रह वाहिनीवरून बातम्या द्याव्या लागल्या. फोनवर थेट इशारा पाठवण्याची यंत्रणा आता भारतातही आहे. २०२३ मध्ये तिच्या चाचणीवेळी आपले फोन एकाच वेळी कर्कश वाजले होते, ते अनेकांना आठवत असेल.

भारतीय वाहिन्यांचा अनुभव काय?

भारतीय वाहिन्यांवर आवाज चढतच असतो, फरक आहे तो कोणासाठी चढतो याचा. २५ एप्रिल २०१५ च्या नेपाळ भूकंपात सुमारे नऊ हजार लोकांचा बळी गेला. मदतीबरोबर भारतीय वाहिन्यांचे कॅमेरेही तिथे पोहोचले. आप्त गमावलेल्यांपुढे माइक धरून ‘कसे वाटते?’ विचारले गेल्याची तक्रार झाली आणि ‘गो होम इंडियन मीडिया’ हा हॅशटॅग गाजू लागला. तोही ३ मे या जागतिक वृत्तपत्र स्वातंत्र्य दिनाच्या सुमारास.

ओरडण्याचा उपयोग होतो का?

नोतोत भूकंपाने थेट दगावलेल्यांपैकी बहुतेकांचे बळी घरे कोसळून गेले. त्सुनामीने दगावलेल्यांची संख्या तुलनेने फारच कमी होती. याचे श्रेय एका आवाजाला देता येणार नाही. किनाऱ्यावरील लोक सराव करत आले होते, २०११ त्यांना ठाऊक होते. दुसरी अडचण सवयीची. जुलै २०२५ मध्ये रशियातील कामचात्काजवळ ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा जपानमध्ये सुमारे २० लाख लोकांना स्थलांतराची सूचना दिली गेली. लाटा दीड मीटरच्या आतच राहिल्या. भर उन्हाळ्यात लोक तासन् तास टेकड्यांवर, गच्च्यांवर थांबले होते. पुढच्या वेळी पडद्यावर लाल पट्टी येईल तेव्हा त्यांतले किती जण पुन्हा चढतील, याची चिंता आता जपानी यंत्रणांना आहे.