इंजिन का तापते?

ताप हा रोग नसून रोगाचे लक्षण असतो. जुन्या व्हॅनच्या इंजिनाचेही तसेच आहे. १९८४ मध्ये आलेल्या आणि पुढे 'ओम्नी' नावाने ओळखल्या गेलेल्या मारुती व्हॅनचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. तरीही अशा अनेक गाड्या आजही रस्त्यावर धावतात.

तापमानदर्शक काटा लाल खुणेकडे सरकताच गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे. रेडिएटरचे झाकण मात्र लगेच उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असल्याने १०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण काढताच ते उसळते आणि चेहरा व हात भाजतात.

इंजिन निवल्यावर पाण्याची पातळी पाहावी. ती उतरली असल्यास रबरी नळ्या, रेडिएटर आणि पाण्याचा पंप यांत गळती शोधावी. पातळी योग्य असल्यास इंजिन केव्हा तापते, हे आठवावे. गाडी उभी असताना तापत असेल, तर पंखा तपासावा. चढावर तापत असेल, तर रेडिएटर तुंबला आहे का, ते पाहावे. निघाल्यावर थोड्याच वेळात तापत असेल, तर थर्मोस्टॅट अडकलेला असू शकतो. गळती नसतानाही पाणी घटत असेल आणि तेल दुधाळ दिसत असेल, तर हेड गॅस्केट खराब झाल्याची शक्यता असते. अशी गाडी चालवत न नेता कारागिराला दाखवावी.

पाणी ओतल्याने काटा खाली येतो. दोष मात्र तसाच राहतो.