स्वस्त हळद आणि कसदार हळद

सवलतीच्या दुकानांत एकाच फळीवर हळदीच्या दोन पुड्या शेजारीं मांडलेल्या असतात. वजन सारखें, रंग सारखा. भावांत मात्र बरेंच अंतर. गृहिणीचा हात साहजिकच स्वस्त पुडीकडे वळतो. त्यांत वावगें असें कांहीं नाहीं, कारण संसार काटकसरीनेंच चालतो. परंतु भाव उतरला तो नेमका कोठें उतरला, हें विचारल्यावांचून काटकसर कोणती आणि नुकसान कोणतें, हें कळत नाहीं.

या प्रश्नाचा उलगडा सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत चांगला होतो. कृष्णाकांठीं हळदीचें पीक पूर्वापार आहे, आणि सांगलीची पेठ हळदीच्या सौद्यांसाठीं देशभर प्रसिद्ध आहे. पीक आठ-नऊ महिने जमिनींत राहतें. काढणीनंतर हळद शिजवावी लागते. त्यायोगें कच्चा वास जातो, रंग आंतपर्यंत सारखा होतो आणि वाळवण लवकर होतें. पुढें दहा-पंधरा दिवस ऊन द्यावयाचें, मग पिंपांत फिरवून वरची साल घासून काढावयाची. चार-पांच किलो ओल्या हळदीची जेमतेम एक किलो सुकी हळद होते. त्यांतही जेठे गड्डे, हळकुंडें, कणी अशी निवड होते व प्रत्येकाचा भाव निराळा. साठवणीचाही खर्च असतोच. सांगलीजवळच्या हरिपुरास जमिनींत खोल पेवें खणून त्यांत हळद ठेवीत. हवा कोंडलेली असल्यानें तिला कीड लागत नसे. २००५ सालच्या महापुरानें या पेवांची मोठी हानि झाली.

सौद्याच्या वेळीं व्यापारी हळकुंड मोडून पाहतो. आंतील रंग, वजन, वाळण्याचा कडकपणा यांवरून तो बोली करतो. शहरांतील कुटुंबाच्या हातीं मात्र पूड येते. पूड मोडून पाहतां येत नाहीं, आणि सारी अडचण येथेंच उत्पन्न होते.

भाव दोन मार्गांनीं उतरतो. दुकानदारानें मोठी खरेदी एकदम करावी, रोख पैसे द्यावे, मधले दलाल टाळावे, वेष्टन साधें ठेवावें आणि थोड्या नफ्यावर पुष्कळ माल खपवावा, हा पहिला मार्ग. यांत ग्राहकाचें हितच आहे. दुसरा मार्ग मालांतूनच कापण्याचा. कणी व जुना माल दळावा, पिष्ट मिसळावें आणि फिकेपणा झांकण्यासाठीं रंग घालावा. हळदीचा पिवळेपणा ज्या कुर्कुमिनामुळें येतो, तें तिच्यांत शेंकडा दोन ते सहाच्या आसपास असतें. भेसळीनें तें घटलें तरी रंगानें डोळा फसतो.

हा रंग कधीं कधीं विषारी असतो. बांगलादेशांत १९८० नंतरच्या दशकांत पुरानें भिजलेली हळद निस्तेज झाली. ती खपावी म्हणून व्यापाऱ्यांनीं हळकुंडांना लेड क्रोमेट चोळण्यास आरंभ केला आणि पुढें ती रीतच पडली. या पदार्थांत शिसें असतें, आणि शिशानें मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते. २०१९ सालीं तेथील बाजारांतून घेतलेल्या नमुन्यांपैकीं शेंकडा ४७ नमुने दूषित निघाले. सरकारनें दंड केले, लोकांना सावध केलें, आणि २०२१ पर्यंत हें प्रमाण शून्यावर आलें.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनीं १९७० सालीं असें दाखविलें कीं, जेथें गिऱ्हाइकाला मालाची पारख होत नाहीं, तेथें चांगला माल विकणाराला योग्य भाव मिळत नाहीं व तो बाजार सोडतो. जुन्या मोटारींवरून काढलेला हा सिद्धांत हळदीसही लागू पडतो. नीट शिजवून, पुरतें वाळवून माल आणणाऱ्या शेतकऱ्याला भेसळीच्या भावाशीं स्पर्धा करावी लागली, तर पुढच्या वर्षीं तो श्रम कशास घेईल?

यावर उपाय जुनाच आहे. १८४४ सालीं इंग्लंडांतील रॉचडेल येथें कामगारांनीं स्वतःचें सहकारी दुकान उघडलें. तेथें पीठ, लोणी, साखर हे मोजके जिन्नस असत. पण माल शुद्ध व माप पुरें. हिंदुस्थानांत १९३७ च्या कायद्यानें शेतमालाच्या प्रतवारीची ॲगमार्क ही खूण निघाली. २०१८ सालीं सांगलीच्या हळदीस भौगोलिक निर्देशांकही मिळाला. मात्र निर्देशांक मालाचें मूळ सांगतो. प्रत्येक पुडी निर्भेळ असल्याची ती ग्वाही नव्हे.

घरच्यांना करतां येण्याजोगें थोडें आहे, पण तें मोलाचें आहे. वर्षाची हळद हंगामांत अख्खी, ओळखीच्या ठिकाणाहून घ्यावी, मोडून पाहावी आणि समक्ष दळून आणावी. बाहेरून झगझगीत व आंतून फिकी असेल, किंवा हाताला रंग फार लागत असेल, तर ती नाकारावी. तयार पूड घेतांना प्रतवारीची खूण व उत्पादकाचें नांव पाहावें. शिसें डोळ्यांना दिसत नाहीं, म्हणून सरकारी तपासणीचा आग्रह नागरिकांनींच धरला पाहिजे. चार रुपये वांचल्याचा आनंद खोटा नाहीं. पण भाव कशानें उतरला हें न पाहतां त्यांत रमणें म्हणजे अर्ध्या हळकुंडानें पिवळें होणें होय.