वाऱ्याला फुंकर

नळाची बारीक धार सोडा. चमच्याचा दांडा दोन बोटांत हलकेच धरून तो लोंबता ठेवा आणि त्याची फुगीर पाठ धारेला टेकवा. धार चमच्याला बाहेर ढकलेल असं वाटतं, पण चमचा उलट धारेतच ओढला जातो आणि पाणी त्याच्या पाठीवरून वळत खाली उतरतं. पाणी असो की हवा, वळणदार पृष्ठभागाला धरून वाहायची दोघांनाही खोड आहे, आणि पंख विमानाला उचलतो तो याच खोडीच्या जिवावर. मात्र पंख जास्त तिरका झाला किंवा वेग फार कमी पडला, की वरची हवा पंखाला सोडून देते. वैमानिक याला ‘स्टॉल’ म्हणतात. सुटू पाहणारी ही हवा धरून ठेवण्यासाठी गेली एकशेवीस वर्षं माणसं डोकं लढवताहेत, आणि त्यांनी काढलेल्या युक्त्या एकाहून एक आहेत.

सगळी भानगड दमलेल्या थराची

१९०४ साली हायडेलबर्गच्या गणित परिषदेत लुडविग प्रांटल या २९ वर्षांच्या जर्मन प्राध्यापकाने एक निबंध वाचला. छापून आला तेव्हा तो जेमतेम आठ पानांचा होता. घर्षणाचा सारा खेळ पृष्ठभागाला लागून असलेल्या अगदी पातळ थरात चालतो, असं त्याचं म्हणणं. हा सीमास्तर घासून घासून मंदावतो, पुढे वाढत जाणारा दाब त्याला झेपत नाही, आणि तो थबकला की वरचा प्रवाहही उखडतो. हाताने चाक फिरवून पाणी खेळवायचा एक हौद प्रांटलने केला होता. त्यात त्याने एक दंडगोल ठेवला, त्याला एका बाजूने फट पाडली आणि तिच्यातून थोडंसं पाणी शोषून घेतलं. फटीच्या बाजूला प्रवाह दंडगोलाला बिलगून राहिला! दमलेला थर शोषून घ्यायचा, नाहीतर फुंकर मारून त्याला जोर द्यायचा. पुढच्या बहुतेक करामती याच दोन युक्त्यांच्या पोटी जन्मल्या.

ओझरच्या विमानातली फुंकर

मिग-२१चे पंख आखूड आणि त्रिकोणी, ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी घडवलेले. असल्या पंखांवर सावकाश उतरणं महाकठीण. म्हणून या विमानाच्या नंतरच्या आवृत्त्यांत पंखांच्या मागच्या कडेचे झडपेसारखे फ्लॅप खाली सोडले की इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधली दाबाची हवा अरुंद फटीतून त्यांच्या पाठीवर सुटायची. नाशिकजवळ ओझरला एचएएलने बांधलेल्या मिग-२१ बिसमध्येही ही सोय होती. २६ सप्टेंबर २०२५ला चंडीगडमध्ये हवाई दलाने मिग-२१ला निरोप दिला. त्याच्या वेगाचं कौतुक सगळेच करतात, मला मात्र ही फुंकरच जास्त भावते. अमेरिकेच्या एफ-१०४ स्टारफायटरमध्येही हीच युक्ती होती. तिची मेख एकच: इंजिन बंद पडलं की फुंकरही बंद, आणि मग विमान भलत्याच वेगाने उतरवावं लागतं.

चार उडवायला, पाचवं फुंकायला

ही अडचण जपानी अभियंत्यांनी सरळ एक जास्तीचं इंजिन बसवून सोडवली. शिनमेवा कंपनीचं यूएस-२ हे समुद्रावर उतरणारं बचाव विमान. पंखांवर पंखे फिरवणारी चार इंजिनं, आणि धडात दडवलेलं पाचवं, ज्याचं काम फक्त हवा दाबून फ्लॅपवर आणि शेपटीच्या झडपांवर सोडणं. त्यामुळे चाळीस टनांहून जड असलेलं हे धूड इतक्या कमी वेगाने पाण्याला टेकतं, की तीन मीटर उंचीच्या लाटांतही उतरू शकतं. पाण्यावरून उडायला त्याला तीनशे मीटरच्या आसपास अंतर पुरतं.

जून २०१३मध्ये जिरो शिन्बो हे टीव्ही निवेदक आणि मित्सुहिरो इवामोतो हे दृष्टिहीन नाविक प्रशांत महासागर ओलांडायला शिडाच्या बोटीतून निघाले. वाटेत बोटीला कशाची तरी धडक बसली (बहुधा देवमाशाची) आणि ती बुडाली. किनारा जवळजवळ १,२०० किलोमीटर दूर, समुद्र खवळलेला. अशा पाण्यात यूएस-२ उतरलं आणि दोघांना घेऊन परत उडालं. पुढे २०१९मध्ये इवामोतो दुसऱ्या सहकाऱ्याबरोबर सान दिएगोहून फुकुशिमापर्यंत कुठेही न थांबता पोहोचलेच! अरुंद फटींतून सुटणाऱ्या हवेने एवढं पुण्य कमवावं, यापरतं आणखी काय हवं?

चिलटांपुढे हात टेकले

फुंकर झाली, आता शोषण. १९६३मध्ये अमेरिकेत एक्स-२१ नावाचं प्रायोगिक विमान उडालं. त्याच्या पंखांवर केसासारख्या बारीक फटींच्या रांगा होत्या. त्यांतून सीमास्तर शोषून घ्यायचा, हवा पंखावरून गुळगुळीत वाहती ठेवायची आणि इंधन वाचवायचं असा बेत होता. बेत जमलाही. पण फटींत धूळ अडकायची, ढगांतले बर्फाचे कण प्रवाह बिघडवायचे, आणि पंखाच्या कडेवर चिरडलेलं एखादं चिलटसुद्धा मागची हवा खवळून टाकायला पुरेसं असायचं. हा वैरी अजून संपलेला नाही. २०१५मध्ये नासाने किडे न चिकटणाऱ्या लेपांची चाचणी घेतली तीही मुद्दाम लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टला, कारण तिथे किडे मुबलक!

बोईंग ७८७-९च्या उभ्या शेपटीत मात्र शोषणाची बारीक छिद्रं प्रवासी विमानापर्यंत पोहोचली.

शोषून घेणारं शीड

समुद्राचं जग घराघरांत पोहोचवणारे जाक कूस्तो यांनी तर शीडच बदललं. १९८५ साली पाण्यात उतरलेल्या त्यांच्या ‘अल्सिओन’ जहाजावर कापडाऐवजी धातूचे दोन जाडजूड खांब आहेत. खांबाच्या एका कुशीला छिद्रं, माथ्यावर पंखा. पंखा छिद्रांतून हवा ओढतो, वारा खांबाला धरून वळतो आणि जहाजाला पुढे खेचतो. त्याच वर्षी ‘अल्सिओन’ अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला पोहोचलं. आता मालवाहू जहाजांवर अशी शोषण-शिडं पुन्हा दिसू लागली आहेत, तेल वाचवण्यासाठी.

ड्रायव्हरचा गुडघा

२०१०च्या फॉर्म्युला वन मोटारशर्यतींच्या हंगामात मॅकलारेन संघाने डाव उलटा टाकला. सरळ रस्ता आला की चालक कॉकपिटमधलं एक छिद्र गुडघ्याने बुजवायचा. त्यासरशी नळीतली हवा वाट बदलून गाडीच्या मागच्या पंखातल्या फटीतून सुटायची आणि पंखावरची हवा मुद्दाम उखडायची. पंखाचा अडसर कमी झाला की गाडी सुसाट! इतर संघांनी भराभर नक्कल केली, आणि पुढच्या वर्षी नियमांनी या युक्तीवर बंदी घातली.

हलणारा भाग एकही नाही

माझी सगळ्यात लाडकी वस्तू मात्र काडेपेटीएवढीसुद्धा नसते. काही मोटारींच्या काचेवर पाण्याचे फवारे पंख्यासारखे पसरत पडतात. त्या नोझलमध्ये फिरणारं असं काहीच नसतं. आत आलेली धार पोकळीच्या एका भिंतीला चिकटते, तिचाच थोडा भाग बाजूच्या बोळातून मागे फिरून तिला धक्का देतो, ती दुसऱ्या भिंतीला चिकटते, तिथूनही पुन्हा तोच धक्का. पाण्याने स्वतःलाच इकडून तिकडे हाकायचं, सेकंदाला कितीतरी वेळा.

नासा आणि बोईंगने याच तत्त्वाची नोझल्स विमानाच्या शेपटीवर लावली. उड्डाणाच्या वेळी एक इंजिन बंद पडलं तर विमान सरळ ठेवायची जबाबदारी उभ्या शेपटीवर असते. म्हणून ती मोठी बांधतात, आणि एरवीच्या सगळ्या प्रवासात तिचं ओझं उगाच वाहतात. ॲरिझोनाच्या भंगारतळावरून आणलेली बोईंग ७५७ची अख्खी शेपटी त्यांनी कॅलिफोर्नियातल्या महाकाय वातबोगद्यात उभी केली. डोलत्या झोतांनी तिचा बाजूचा जोर २० टक्क्यांहून अधिक वाढला. २०१५मध्ये अशी ३१ नोझल्स बसवलेलं विमान उडवूनही पाहिलं.

झडपांना रजा

सप्टेंबर २०१०मध्ये ब्रिटनमध्ये ‘डीमन’ नावाचं चालकरहित विमान झडपा न हलवता, नुसत्या हवेच्या झोतांवर वळवून दाखवलं गेलं. अमेरिकेच्या ‘डार्पा’ या संरक्षण-संशोधन संस्थेने त्याहून मोठं एक्स-६५ करायला घेतलं आहे. पंखांचा विस्तार नऊ मीटर, आणि झोत सोडणाऱ्या जागा १४. पहिल्या चाचण्यांसाठी त्याला नेहमीच्या झडपाही असतील. त्या टप्प्याटप्प्याने जागच्या जागी घट्ट बंद करत जायचं आणि वळवण्याचं काम झोतांकडे सोपवायचं, असं ठरलं आहे.