डिसेंबरचे दान : ३१ तारखेआधी काय करावे



भारतात दानाच्या हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते, इथे ३१ डिसेंबरला. ब्रेडाला येऊन कितीही वर्षे झाली तरी आपल्यापैकी अनेकांच्या मनात अजून मार्चच असतो. म्हणून खजिनदार या नात्याने लिहीत आहे.

आपल्या सेवानिधीतून एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना डबा जातो आणि इस्पितळात जाताना सोबत मिळते. डबा दर आठवड्याला लागतो. देणग्या मात्र बहुतेक दिवाळी ते नाताळ या काळात येतात. त्यामुळे पुढच्या वर्षी आणखी किती घरांना ‘हो’ म्हणायचे, हे समिती अंदाजानेच ठरवते.

यावर डच कायद्यातच सोय आहे. ट्रस्टला आनबी दर्जा असल्याने देणगीवर करसवलत मिळते. पण साध्या देणगीला उंबरठा आहे : उत्पन्नाचा १ टक्का, किमान ६० युरो. त्याच्या वरची रक्कमच वजा होते. समजा, एखाद्या काकांचे उत्पन्न ३०,००० युरो आणि वर्षाची देणगी २४० युरो. उंबरठा ३०० चा, म्हणजे सवलत शून्य. तेच २४० युरो किमान पाच वर्षांच्या लेखी कराराने, म्हणजे ‘पेरिओडिके खिफ्ट’ म्हणून दिले, तर सगळे वजा होतात. महिना २० युरो! २०१४ पासून त्यासाठी नोटरी लागत नाही. बेलास्टिंगडीन्स्टचा नमुना भरून दोन्ही बाजूंनी सही केली की झाले.

‘या वयात पाच वर्षांचा भरवसा कोणी द्यावा?’ असे एक आजी म्हणाल्या. करार देणाऱ्याच्या निधनाबरोबर संपतो, असे त्यातच नोंदवता येते. मुलांवर भार येत नाही. ज्यांना कर भरावाच लागत नाही, त्यांना मात्र सवलतीचा उपयोग नाही. पेन्शन बेताची असेल तर कृपया करारात अडकू नये.

दानपेटीतली रोख रक्कम २०२१ पासून वजा होत नाही. ती देवाला पोहोचते, कर खात्याला दिसत नाही. गावच्या देवस्थानाला पाठवलेले पैसेही, त्या संस्थेला आनबी दर्जा नसेल तर, इथे धरले जात नाहीत.

करार आधी, पैसे नंतर, आणि पहिला हप्ता ३१ डिसेंबरच्या आत बँकेतून. कोरे नमुने रविवारी आरतीनंतर माझ्याकडे मिळतील. येताना चष्मा आणि बीएसएन क्रमांक आणावा.